ताटावरची कथा

गेल्या पावसाळ्यात आमच्या बेज्जूर भागातील एका ख्रिस्ती कुटुंबाने आम्हांस एक प्रश्न विचारला. प्राणहितेच्या पलीकडील गावातून त्या घरी नवी सून आली होती. तिने माहेराहून आणलेल्या सामानात एक लाकडी तबक होते. निर्मलच्या नक्काश कारागिरांनी रंगविलेले ते तबक काळ्याभोर पार्श्वभूमीचे असून त्यावर सोनेरी रंगात रामायणातील सुवर्णमृगाचा प्रसंग काढलेला होता. सून त्यात पाहुण्यांना चहा आणून देई. सासऱ्यांच्या मनाला मात्र ते सलत होते. "फादर, आपण ख्रिस्ती लोक. हे तबक घरात ठेवावे, की चुलीत घालावे?" असे त्यांनी सरळ विचारले. सून दाराआड उभी राहून आमचे उत्तर ऐकत होती.

आम्ही त्याच वेळी उत्तर दिले नाही. त्याला कारण होते. पंधरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, हाच प्रश्न आमच्यासमोर आला होता. तेव्हा आम्ही नुकतेच सेमिनरीतून बाहेर पडलेलो; उत्तरे तोंडावर तयार असत. "नका ठेवू," एवढे बोलून आम्ही सायकलवर बसलो. पुढच्या रविवारी त्या घरच्या आजीबाई मिस्सानंतर आमच्यापाशी आल्या. आमच्या सांगण्याप्रमाणे आपली जुनी रंगीत थाळी त्यांनी चुलीत घातली होती. तक्रार अशी त्यांनी काही केली नाही. "त्यावरची चित्रे दाखवून मी नातवंडांना गोष्टी सांगत असे," एवढेच त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि पुढे कित्येक दिवस ते वाक्य मनातून गेले नाही.

त्यानंतर काही वर्षांनी गोव्यास जाण्याचा योग आला. पणजी शहरात इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा नावाची संस्था आहे. 1871 साली ती वास्को द गामाच्या नावाने स्थापन झाली आणि 1963 मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तिच्या प्रवेशदालनाच्या भिंती रंगविलेल्या फरशांनी मढविलेल्या आहेत. पोर्तुगीज लोक अशा फरशांना 'अझुलेजो' म्हणतात. जॉर्ज कोलासो या नामांकित पोर्तुगीज चित्रकाराने 1935 साली ही चित्रे केली. पोर्तु शहरातील साव बेंतु रेल्वे स्थानकाच्या भिंतींवरील सुमारे वीस हजार फरशाही त्याच्याच हातच्या. पणजीच्या भिंतींवर त्याने विषय घेतला तो कामोंइश कवीच्या 'ओस लुसियादस' या महाकाव्याचा. हा कवी 1553 साली स्वतः गोव्यास आला होता, आणि त्याचे काव्य 1572 साली लिस्बनमध्ये छापले गेले.

त्या काव्याचा विषय वास्को द गामाचा हिंदुस्थानापर्यंतचा जलप्रवास. कवी ख्रिस्ती, नायक ख्रिस्ती, राजाही ख्रिस्ती. असे असूनही काव्यात या प्रवाशांची कैवारी होते ती रोमन लोकांची देवी व्हीनस, आणि त्यांच्या वाटेत विघ्ने आणतो तो मद्याचा देव बाकस. देवांची सभा भरते, वादविवाद होतो, समुद्र खवळतो. त्या फरशांसमोर उभे असता आम्हांस एकाएकी आजीबाईंची थाळी आठवली. पोर्तुगालसारख्या कॅथलिक देशातील कवीने आपल्या काव्यात परक्या देवतांच्या कथा आणल्या. मग आपल्याच मातीतील कथा आम्ही एका म्हातारीला जाळावयास का लावली? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना आम्ही त्या रंगीत फरशांच्या मूळ घराण्यापर्यंत जाऊन पोहोचलो. ते घराणे इटलीतले, आणि त्याची कहाणी जाणून घेण्याजोगी आहे.

आपण ज्याला चिनी मातीचे भांडे म्हणतो, त्याची पांढरी, कठीण माती युरोपास पुष्कळ काळ ठाऊक नव्हती. तेथील कुंभारापाशी होती ती आपल्या कुंभारासारखीच साधी माती, भाजल्यावर तांबूस किंवा पिवळसर होणारी. तिला पांढरेपणा कसा आणावा? याची युक्ती प्रथम इराकमधील मुसलमान कुंभारांनी नवव्या शतकात शोधून काढली. चीनहून आलेली शुभ्र भांडी पाहून त्यांनी आपल्या मातीवर कथलाचा लेप दिला. आपल्याकडे कल्हईवाला पितळेच्या भांड्याला लावतो तेच हे कथील. शिसे आणि कथील एकत्र जाळून त्यांची राख करावयाची, तीत वाळू व क्षार मिसळून पाण्यात कालवावयाचे, आणि एकदा भाजलेले भांडे त्यात बुडवावयाचे. भट्टीत त्या लेपाची काच होते. शिशामुळे तो लेप वितळतो, कथलामुळे तो दुधासारखा पांढरा व अपारदर्शक होतो, आणि खालची मळकट माती झाकली जाते.

ही विद्या अरब लोकांबरोबर स्पेनमध्ये गेली. तेथून मालाची जहाजे माजोर्का बेटावरून इटलीस येत. त्या बेटाच्या नावावरून इटलीत या भांड्यांस 'मायोलिका' हे नाव पडले. म्हणजे चीनची हौस, इराकची युक्ती, स्पेनचा व्यापार आणि इटलीची कुंचली अशा चार देशांच्या हातांतून ही कला आली. हे सर्व हात एकाच धर्माचे नव्हते, आणि कोणत्याही कुंभाराने आधीच्याचा धर्म विचारून ही विद्या नाकारली नाही. आपल्या जवळच्या बीदर शहरातही 1472 साली बांधलेल्या महमूद गवानच्या मदरशावर इराणी पद्धतीच्या चकाकत्या रंगीत फरशांचे अवशेष अजून पाहावयास मिळतात.

सोळाव्या शतकाच्या प्रारंभी इटलीतील फाएन्झा, उर्बिनो, कास्तेल दुरान्ते, गुब्बियो या गावांत ही कला शिखरास पोहोचली. तोपर्यंत ताटावर वेलबुट्टी, पाने, एखादा चेहरा एवढेच असे. आता कुंभारांनी ताटाचा सगळा पृष्ठभाग एका चित्रास देऊन टाकला. काठापासून काठापर्यंत डोंगर, नदी, वाडे, माणसे, आणि मध्ये एक प्रसंग. या प्रकाराला 'इस्तोरियातो', म्हणजे कथाचित्रित, असे म्हणत. कथा पुष्कळदा रोमन कवी ओव्हिडच्या रूपांतरांच्या ग्रंथातील असत. 1497 मध्ये व्हेनिस येथे त्या ग्रंथाची बोलीभाषेतील सचित्र आवृत्ती निघाली. लॅटिन न येणाऱ्या कारागिरालाही त्यामुळे कथा वाचता आल्या आणि चित्रे समोर ठेवता आली. उर्बिनो ही थोर चित्रकार राफाएलची जन्मभूमी. त्याच्या चित्रांवरून केलेले छापही या कुंभारांच्या दुकानांत फिरत. एका छापातून एक माणूस, दुसऱ्यातून दुसरा, असे उचलून ते नवा प्रसंग जुळवीत. फ्रान्सिस्को क्सान्तो नावाचा कुंभार यात मोठा वाकबगार होता. आपल्या ताटांच्या पाठीमागे तो चित्रातील कथा थोडक्यात लिही आणि खाली साल व स्वतःचे नाव घाली. ताट उलटे केले की कथेचा उलगडा होई.

ओव्हिडच्या ज्या कथा या ताटांवर येत, त्यांपैकी एक आमच्या वाचकांस सांगावीशी वाटते. दैदालस नावाचा कुशल कारागीर आपल्या मुलासह एका बेटावर कैदेत अडकला होता. त्याने पक्ष्यांची पिसे मेणाने जोडून दोन पंखांच्या जोड्या केल्या. मुलगा इकारस याला त्याने बजावले, की फार खाली उडू नकोस, लाटांनी पंख भिजतील. फार वर जाऊ नकोस, उन्हाने मेण वितळेल. माझ्या मागोमाग ये. मुलगा उडू लागला, उडण्याच्या आनंदात बापाचे बोल विसरला आणि सूर्याकडे झेपावला. मेण वितळले आणि तो समुद्रात पडला. बापाला पाण्यावर तरंगणारी पिसे तेवढी दिसली. मोठ्या शहराकडे निघालेल्या मुलाला निरोप देणाऱ्या आमच्या गावातील कोणत्या बापाला या कथेचा अर्थ सांगावा लागेल? ती रचणारा कवी ख्रिस्ती नव्हता हे खरे. पण तीतील बाप आपल्या ओळखीचा आहे.

असे ताट रंगविणे हे मोठे धैर्याचे काम असे. कास्तेल दुरान्तेच्या चिप्रियानो पिकोलपास्सो याने 1557 च्या सुमारास कुंभारकलेवर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचे हस्तलिखित आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयात आहे. चाक, माती, भट्टी, रंग या सर्वांची माहिती त्याने स्वतः काढलेल्या आकृत्यांसह दिली आहे. भांड्यावरील पांढरा लेप वाळला की त्यावर कच्च्या पिठासारखा थर राहतो. त्यावर कुंचला टेकताच रंग शोषला जातो. नव्याने चुना दिलेल्या कोरड्या भिंतीवर ओल्या बोटाने ओढलेली रेघ जशी पुसता येत नाही, तशीच ही रेघ. हात चुकला तर चूक कायमची. रंगही मोजकेच मिळत, कारण भट्टीच्या आचेत टिकतील असेच घ्यावे लागत: कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा, लोखंडाच्या गंजाचा नारिंगी, मँगनीजचा जांभळट तपकिरी. चांगला तांबडा रंग क्वचितच साधे. शिवाय भट्टीत जाण्यापूर्वी हे रंग निस्तेज दिसत. आपण काय काढले ते चित्रकाराला भट्टी उघडल्यावरच कळे.

गुब्बियोच्या मायेस्त्रो जॉर्जोचे दुकान तर तिसऱ्या भाजणीसाठी प्रसिद्ध होते. भट्टीत धूर कोंडून चांदी व तांब्याच्या क्षारांनी भांड्यावर सोनेरी, माणकासारखी झाक आणावयाची, हे ते काम. पिकोलपास्सो म्हणतो की अशा शंभर भांड्यांपैकी जेमतेम सहा चांगली निघत. म्हणूनच की काय, भट्टी पेटविण्यापूर्वी मनोभावे देवाची प्रार्थना करावी असे तो कुंभारांस सांगतो. आत ताटावर अपोलो देवाची कथा आणि बाहेर कुंभाराच्या ओठावर ख्रिस्ती प्रार्थना! त्या कुंभाराला यात विसंगती वाटली नाही. कथा ही कथा आणि प्रार्थना ही प्रार्थना, हे त्याला पक्के ठाऊक होते.

ही ताटे कोणासाठी होत? राजेरजवाड्यांसाठी, तथापि सोन्यारुप्याच्या भांड्यांच्या मानाने ही साधीच. 1524 च्या नोव्हेंबर महिन्यात उर्बिनोची डचेस एलेओनोरा हिने आपली आई इसाबेला द'एस्ते हिला पत्र लिहिले. इसाबेला ही मांतुआची विधवा राणी, विद्येची व कलेची मोठी भोक्ती. मुलीने तिच्यासाठी मातीच्या भांड्यांचा एक संच करवून घेतला होता. आईने तो आपल्या गावाबाहेरील वाड्यात वापरावा, कारण ही वस्तू खेड्याला शोभणारी आहे, असे मुलीने कळविले. ते भांडे निकोला नावाच्या उर्बिनोच्या श्रेष्ठ कारागिराच्या हातचे होते असे जाणकार मानतात. त्यातील वीसांहून अधिक ताटे आज निरनिराळ्या देशांच्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेली आहेत. खेड्याला शोभणारी वस्तू म्हणून आईला पाठविलेली ती माती राज्यांहून अधिक काळ टिकली. आणखी एक गोष्ट पाहा. त्या संचात ओव्हिडच्या कथा आहेत, आणि इसहाक व रिबेका यांना खिडकीतून पाहणाऱ्या अबीमलेख राजाची उत्पत्तीच्या पुस्तकातील कथाही आहे. एकाच मेजावर दोन्ही ताटे मांडली जात.

हे केवळ राजवाड्यात घडत होते असेही नव्हे. इटलीतील लोरेतो हे पवित्र मरियेचे महान तीर्थक्षेत्र. तेथे पवित्र घराच्या औषधालयासाठी उर्बिनोच्या ड्यूकने ओरात्सियो फोन्ताना याच्या कारखान्यात औषधांच्या बरण्या करविल्या होत्या. तीनशेहून अधिक बरण्या तेथे अजून जतन केलेल्या आहेत. त्यांवर जुन्या व नव्या करारातील प्रसंग आहेत, रोमच्या इतिहासातील प्रसंग आहेत, आणि ओव्हिडच्या कथाही आहेत. आजारी यात्रेकरूला तेथील औषध अशा एखाद्या बरणीतून मिळे. बरणीवरील चित्रामुळे औषधाचा गुण कमी झाला, असे कोणी म्हटले नाही.

हीच विद्या इटलीहून फरशीवर उतरली आणि पश्चिमेकडे निघाली. पिसा येथील फ्रान्सिस्को निकुलोसो हा कुंभार स्पेनमधील सेव्हिल शहरी जाऊन राहिला. ताटावर करावयाचे चित्र त्याने भिंतीवरील फरशांवर केले. तेथील राजवाड्याच्या प्रार्थनामंदिरात त्याने 1504 मध्ये केलेली वेदी आजही आहे. तिच्यावर पवित्र मरिया अलिशिबेला भेटावयास गेल्याचा प्रसंग आहे. फरशांची ही चित्रकला पुढे पोर्तुगालात फोफावली आणि चारशे वर्षांनी तिच्याच वंशातील एक शाखा कोलासोच्या हातून पणजीच्या भिंतीवर येऊन बसली. आमच्या शोधाचे वर्तुळ येथे पुरे झाले.

पण कामोंइशच्या काव्याची एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि तीच आमच्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. त्या काळी धर्मसभेच्या परीक्षकाच्या संमतीवाचून पुस्तक छापता येत नसे. हे काव्य बार्तोलोमेउ फेरेरा नावाच्या डॉमिनिकन धर्मबंधूकडे परीक्षणास गेले. व्हीनस, बाकस आणि देवांच्या सभा पाहून ते पुस्तक अडवून ठेवणे त्यास अगदी सोपे होते. त्याने तसे केले नाही. हे काव्य आहे, कवीने या देवता केवळ शोभेसाठी आणल्या आहेत, म्हणून त्यांस हरकत नाही, असा अभिप्राय त्याने लिहिला. सोबत त्याने हेही लिहिले, की परधर्मीयांचे सर्व देव भुते होत, हे आपल्या श्रद्धेचे सत्य अबाधित राहावे.

या अभिप्रायाचा पहिला भाग आम्हांस फार मोलाचा वाटतो. चौथ्या शतकात संत बासील यांनी तरुणांना हेच शिकविले होते. मधमाशी प्रत्येक फुलावर बसत नाही आणि बसते त्या फुलाचे सगळेच नेत नाही. त्याप्रमाणे प्राचीन ग्रीक कवींतील चांगले तेवढे घ्यावे, असा त्यांचा उपदेश आहे. संत पौलानेही अथेन्समध्ये बोलताना ग्रीक कवींचाच आधार घेतला. अभिप्रायाचा दुसरा भाग मात्र आज आम्ही जसाच्या तसा उच्चारू शकत नाही. इटलीतील कुंभार अपोलोचे चित्र काढी तेव्हा अपोलोला पूजणारा एकही मनुष्य जगात उरला नव्हता. आमच्या तबकावरील कथा तशी नाही. ज्या रामाची ती कथा, त्याला आमचे शेजारी आज सायंकाळी नमस्कार करतील. म्हणून इटलीच्या कुंभारापेक्षा आमच्यावर अधिक आदराचे बंधन आहे. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने जाहीर केले, की अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही धर्मसभा धिक्कारीत नाही. शेजाऱ्याला जे पवित्र, ते आपण चुलीत घालावे, हे या शिकवणुकीत बसत नाही.

मग घरात काहीही ठेवावे काय? तसेही नव्हे. इटलीतील त्या ताटांतही काही चित्रे अशी आहेत की ती मुलांच्या पुढे मांडू नयेत. येथे आम्ही कुटुंबप्रमुखांस तीन गोष्टी मनाशी विचारावयास सांगू. या वस्तूची मी पूजा करतो काय? हिच्यामुळे घरातील कोणाचे मन मलिन होते काय? आणि ती ठेवण्याने किंवा टाकण्याने मी कोणाचा अपमान करतो काय? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेल, तर वस्तू राहू द्यावी. आणि तिसऱ्या प्रश्नात शेजाऱ्याबरोबरच घरातील सुनेचाही विचार करावा. माहेरची वस्तू चुलीत गेली तर तिच्या मनात काय जळेल, हे पुरुषमाणसांस सहसा सुचत नाही. आम्हांसही एकदा सुचले नव्हते.

आठ दिवसांनी आम्ही त्या घरी गेलो. वर लिहिलेले सर्व काही आम्ही सांगितले नाही. एवढा वेळही नव्हता. इटलीतल्या एका मुलीने आपल्या आईला कथेची ताटे कशी पाठविली, तेवढे सांगितले. सासरे लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी आत वळून पाहिले आणि म्हणाले, "सूनबाई, फादरांना चहा आण." चहा त्या तबकातूनच आला. घरातला सर्वांत धाकटा मुलगा कप उचलण्याची वाट पाहत होता, कारण हरणाचे पाय कपाखाली झाकले गेले होते. आम्ही कप उचलला तेव्हा त्याने बोट ठेवून विचारले, "हे हरीण सोन्याचं का आहे?"

सुनेने सासऱ्यांकडे पाहिले. त्यांनी मान हलविली, आणि ती उंबऱ्यावर बसून मुलाला गोष्ट सांगू लागली. आम्ही तिला मध्येच थांबविले नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या आजीबाई आता हयात नाहीत. त्यांची थाळी आम्ही परत देऊ शकत नाही. परंतु ही एक थाळी वाचली, याबद्दल आम्ही परमेश्वराचे आभार मानले.